पोळे आणि पारवे

मुंबईत रेडिऑलॉजीची रेसिडेन्सी सुरू झाली तेव्हा एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसाच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, कडेला बारीक पोकळ्या दिसल्या की मी ‘हनीकोंबिंग’ (मधाच्या पोळ्यासारखी रचना) लिहून मोकळी होत असे. या एका शब्दाने रिपोर्ट ‘यूआयपी’ या व्रणांच्या ठरावीक नमुन्याकडे झुकतो आणि रुग्णावर आयपीएफचा, म्हणजे कारण न सापडणाऱ्या, वाढत जाणाऱ्या फुप्फुसव्रणांच्या आजाराचा शिक्का बसायला मग वेळ लागत नाही, हे मला दादरच्या एका आजींच्या स्कॅनने शिकवले.

जाळीदार रेषा, ओढल्या गेलेल्या श्वासनलिका, चारदोन पोकळ्या. मी यूआयपी लिहिले. माझ्या वरिष्ठ मॅडमनी कोरोनल (समोरून दिसणारी उभ्या छेदाची) प्रतिमा उघडून एवढेच विचारले, ‘‘तळ मोकळा कसा?’’ यूआयपीत व्रण तळाशी आणि फुप्फुसावरणालगत दाटतात. इथे मधला भाग अधिक बिघडलेला होता. मी न उघडलेली उच्छ्वासाची सिरीज (श्वास सोडल्यावर काढलेल्या प्रतिमा) त्यांनी उघडली, तर काही लोब्यूल्स (फुप्फुसाचे छोटे कप्पे) काळीच राहिली होती, कारण त्यांतली हवा बाहेर पडतच नव्हती. काळा, करडा आणि ग्राउंड ग्लासचा (घासलेल्या काचेसारखा धूसर) पांढुरका, अशा तीन छटा शेजारी शेजारी दिसल्या की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा, म्हणजे पक्ष्यांची विष्ठा किंवा कूलरमधली बुरशी अशा श्वासातून जाणाऱ्या कणांच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसाला येणाऱ्या सुजेचा, विचार करावाच लागतो. चौकशीत कळले की खिडकीच्या जाळीवर वर्षानुवर्षे पारवे बसत आणि त्यांची घाण आजीच खरवडत असत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएलडीच्या (फुप्फुसाच्या ऊतींना सूज आणि व्रण आणणाऱ्या अशा आजारांच्या) १०८४ रुग्णांच्या भारतीय नोंदणीत ४७.३ टक्के रुग्ण याच आजाराचे होते, हे मी नंतर वाचले.

खऱ्या हनीकोंबिंगच्या पोकळ्या बहुधा ३ ते १० मिलिमीटरच्या, ठळक भिंतींच्या आणि फुप्फुसावरणाला चिकटलेल्या असतात. पॅरासेप्टल एम्फिसीमाच्या (फुप्फुसाच्या कडेच्या हवेच्या पिशव्या फाटून झालेल्या) पोकळ्या त्याहून मोठ्या, पातळ भिंतींच्या आणि सहसा एकाच ओळीत. स्लाइस वरखाली सरकवताना पोकळी लांबत जाऊन फांदी फुटली, तर ती ओढली गेलेली श्वासनलिकाच समजावी. संशय उरला तर तो शब्द ओढूनताणून आणू नये, कारण आयपीएफच्या निदानाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘प्रोबेबल यूआयपी’ची (बहुधा यूआयपी) वेगळी पायरी आहे. फुप्फुसावरणालगतची पट्टी व्रणांपासून बचावलेली असेल, तर एनएसआयपी (फुप्फुसव्रणांचा दुसरा नमुना) मनात धरून स्क्लेरोडर्माची (त्वचा कडक करणाऱ्या स्वप्रतिकार आजाराची) चौकशी करावी. शिखराशीच व्रण असेल तर आपल्या शहरात आधी जुना क्षय आठवावा.

फॉर्मवर बहुतेक वेळा ‘दम लागतो’ इतकेच लिहिलेले असते, म्हणून मी वॉर्डात फोन करते. तिथले रेसिडेंट आता माझा आवाज ऐकताच आपणहून सांगतात, ‘‘मॅडम, पारवे विचारले, नाहीत, पण कूलर आहे.’’