सत्तर मीटर खालची हरळी

समुद्रजीवशास्त्रात मास्टर्स करायला स्पेनला निघाले तेव्हा रत्नागिरीच्या काकूने विचारलं, "म्हणजे रोज बुडी मारणार का गं?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

प्रबंधाला मिळालं लामिनारिया रॉड्रिगेझी. भूमध्य समुद्र सोडून जगात कुठेही न सापडणारं हे तपकिरी शैवाल. मेनोर्का बेटावरचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉड्रिगेझ यांचं नाव त्याला १८८८ मध्ये मिळालं. थंड पाणी त्याला लागतं, आणि भूमध्यात उन्हाळ्यातही गार राहणारं पाणी खोलवरच असतं. म्हणून ते बहुतेक ५० ते १२० मीटरवर वाढतं. तिथवर थोडा तरी उजेड पोचतो, कारण पाणी नितळ आहे. आपल्या कोकणच्या गढूळ पाण्यात या खोलीवर काळोखच. हौशी डायव्हिंगची हद्द ४० मीटरची, त्यामुळे माझी बुडी तिथेच संपली. मी ते पाहिलं पडद्यावर, केबलला बांधलेल्या रोबोटच्या कॅमेऱ्यातून.

पहिल्यांदा दिसला तो तळ. वाळू नाही, खडकही नाही, तर गुलाबी-जांभळ्या गाठींचा सडा. संक्रांतीचा काटेरी हलवा आवळ्याएवढा फुगवून पसरलाय असं वाटलं. या गाठी म्हणजे चुना साठवणारी लाल शैवालं. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारी. त्यांच्यावर पाय रोवून आमचं शैवाल उभं. मधासारखं तपकिरी, कडांना झालर असलेलं एकेक लांब पातं.

काम एवढंच: पाती मोजायची. त्यातच मी आपटले. दरवर्षी नवं पातं जुन्याच्या बुडातून येतं आणि जुनं काही काळ शेंड्याला लटकत राहतं. मध्ये फक्त एक आवळलेली कंबर. मी दोन्ही वेगवेगळी धरली. तीन आठवड्यांचा तक्ता पुन्हा भरला. शिवाय हे शैवाल हरळीसारखं धुमारे पसरतं, त्यामुळे दहा पाती म्हणजे दहा झाडं असतीलच असं नाही. कोणी "किती झाडं?" विचारलं तर बेधडक "पाती सांगते" म्हणा. आकडा देण्याआधी आपण नक्की काय मोजलं ते लिहा, बाकीचं मागाहून.

काही चित्रफितींत समांतर चर दिसायचे, गाठी चुरडलेल्या. तळ खरवडत ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांच्या खुणा. माझ्या तक्त्यात तिथे ओळीने शून्य. कंटाळून ते गाळावंसं वाटायचं, पण गाळू नका. इटली आणि क्रोएशियामधल्या एड्रियाटिक समुद्रात हेच शैवाल ८५ टक्क्यांहून जास्त घटलं, हे कळलं ते जुन्या नोंदींमुळेच. १९४८-४९ च्या ह्वार या सागरी संशोधन मोहिमेने कुठे काय मिळालं ते लिहून ठेवलं होतं, वाळवलेले नमुने संग्रहांत होते. पुढे संशोधकांनी तुलना केली तेव्हा ते पालाग्रुझा बेटाभोवतीच उरलं होतं, जिथे तळ असा आहे की जाळं ओढता येत नाही.

तेव्हा या वाटेला येणाऱ्यांनी डायव्हिंगच्या कोर्सवर सगळी शिल्लक उधळू नये. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. ओहोटीला मालवणच्या खडकांवर जाऊन वाहून आलेलं एखादं सरगॅसम, म्हणजे आपल्याकडचं तपकिरी शैवाल, कागदावर दाबून वाळवा, सोबत तारीख आणि जागा लिहा. माझ्या मुलाखतीत पोहण्याबद्दल कुणी विचारलंच नाही. माझ्या अशाच कागदांबद्दल मात्र वीस मिनिटं बोलणं झालं.