झिजलेलं नाव वाचायला आरसा न्या

पावसाळा संपला की देवळालीकडच्या जुन्या दफनभूमीत शिळांवर शेवाळ चढलेलं असतं. महायुद्धात गेलेल्या वैमानिकाच्या कबरीची सेवा करायची, तर आधी त्याचं नाव वाचता यायला हवं.

१. साधं पाणी शिंपडून मुरू द्या. मऊ ब्रशने खालून वर घासा, अक्षरांतलं शेवाळ बांबूच्या काडीने काढा.
२. आरशाने ऊन बाजूने तिरपं पाडा. अक्षरं सावलीत उठून दिसतात! लगेच फोटो घ्या. पंख पसरलेला गरुड म्हणजे बहुधा रॉयल एअर फोर्स (ब्रिटिश हवाई दल).
३. सेवाक्रमांक (सैनिकाचा स्वतःचा नंबर) जरूर टिपा, नावं सारखी असतात. महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत शोधा.

ॲसिड, तारेचा ब्रश, अक्षरांत रंग भरणं अजिबात नको. परवानगी आधी घ्या.