सेल्फ लागतो, पण इंजिन चालू होत नाही, तेव्हा काय तपासावे

चावी फिरवताच सेल्फ लागतो, इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण गाडी चालू होत नाही, अशा वेळी अनेकांचा पहिला संशय बॅटरीवर जातो आणि तो बहुधा चुकीचा ठरतो. इंजिन जोमाने फिरत असेल, तर बॅटरी आणि स्टार्टर मोटर आपापले काम करीत आहेत. फिरण्याचा वेग मंद वाटला तरच मल्टिमीटर लावावा. पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असणारी बॅटरी सेल्फ मारताना साधारण ९.६ व्होल्टखाली उतरत असेल, तर तिच्याकडे वळावे.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. इंजिन फिरत असताना आवाज नीट ऐकावा. ते नेहमीपेक्षा हलके, एकसुरी आणि भरभर फिरत असेल, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची लय जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते. मग पुन्हा सेल्फ मारणे टाळावे, कारण अनेक इंजिनांत अशा स्थितीत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि बेल्टचा खर्च थेट सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, खर्चावर जातो.

आवाज ठीक असेल, तर डॅशबोर्ड पाहावा. चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नसते. दुसरी चावी वापरून पाहावी.

त्यानंतर पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’वर ठेवून, सेल्फ न मारता, मागच्या सीटकडे कान द्यावा. बहुतेक गाड्यांत इंधनपंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. ती गुणगुण नसेल, तर आधी त्याचा फ्यूज आणि मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच, तपासावा. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तात्पुरता बसवून पाहिल्यास एका मिनिटात उत्तर मिळते. आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते: गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी बॉनेटखालच्या वायर कुरतडल्या आहेत का. पंपाचा आवाज येत असूनही इंजिन चालू होत नसेल, तर इंधनाचा दाब गेज लावूनच कळतो, आणि ते काम गॅरेजचे आहे.

पंप ठीक असल्यास सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. तो जागचा किंचितही हलत नसेल, तर इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या क्रँकशाफ्ट सेन्सरवर संशय घ्यावा, कारण त्याचा संकेत नसेल तर इंजिनचा संगणक ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईच्या पुढे, मे महिन्याच्या भर दुपारी, माझी गाडी जेवणानंतर चालूच होईना आणि ऊन उतरल्यावर मात्र काही न करता चालू झाली. पुढे एका गॅरेजने इंधनपंप बदलला. आठवड्याने तोच प्रकार पुन्हा घडला. दोष सेन्सरचा होता. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा काम करणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे, आणि दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड दिसला तर तपासाची दिशा निश्चित होते.

काटा हलतो आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, असे असेल, तर ठिणगी देणारे स्पार्क प्लग ओले झालेले असतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काही सेकंद सेल्फ मारावा. इंजेक्शन असलेल्या बऱ्याच गाड्या या स्थितीत पेट्रोल बंद ठेवतात आणि सिलिंडर सुकतात. प्लग बाहेर काढून हातात धरून ठिणगी पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी: कॉइलमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि जवळच पेट्रोलची वाफ असते.

डिझेल गाडीत तपास सायलेन्सरपासून सुरू करावा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. धूरच नसेल, तर ते पोहोचतच नाही. टाकी एकदा कोरडी पडली असेल, तर लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरजवळचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबावा आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. थंडीत सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा विचार परभणीकडे पारा दहा अंशांखाली जातो त्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे करावा. उन्हाळ्यात कोणी ते बदलायला सांगितले, तर कारण विचारावे.