चौथीच्या मुलांना कान्हेरीला नेताना

सोमवार सोडून दिवस ठरवा. कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि ते सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात तिथला कातळ निसरडा होतो, म्हणून मी वर्गाला डिसेंबर-जानेवारीतच नेते.

बूट आदल्या दिवशी शाळेतच तपासा. प्रत्येकाला पाय उचलायला लावून तळ बघा. झिजून गुळगुळीत झाला असेल, तर घरी लगेच निरोप पाठवा. लेण्यांच्या कातळपायऱ्या पावलांनी घासून गुळगुळीत झाल्यात, तिथे असा बूट हमखास घसरतो. चपला नकोतच.

डबा पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. हातात पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. वेफर्स आणू देऊ नका, पोळी-भाजी उत्तम.

शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी दाखवायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, दाखवा. मग कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि त्यांच्याकडे जाणारे चर मुलांनाच शोधू द्या. चरावरून बोट फिरवत पाणी कुठून कुठे जात असेल ते सांगायला लागतात, तेव्हा त्यांना अजिबात घाई करू नये. टाक्यांच्या काठाशी मात्र एक मोठं माणूस उभं हवंच.

निघताना नावं घेऊन हजेरी घ्या, नुसती डोकी मोजू नका.