लिंडी हॉप शिकताय? मग या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी न्यूयॉर्कमध्ये लिंडी हॉप नाचतेय. १९२०च्या दशकाच्या शेवटी हार्लेमच्या कृष्णवर्णीय पोरापोरींनी घडवलेला हा स्विंग डान्स, म्हणजे जॅझच्या ठेक्यावरचा जोडीचा नाच. दर थोड्या महिन्यांनी नवी बॅच येते आणि त्याच चुका परत बघाव्या लागतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी, जिच्यामुळे माझं डोकंच फिरतं ती चूक: सोशलमध्ये, म्हणजे सगळे मिळून मोकळेपणाने नाचतात तिथे, पार्टनरला उचलणं. दोन वर्षांपूर्वी एका गच्च भरलेल्या हॉलमध्ये एका मुलाने, जेमतेम चार क्लास झालेले, समोरच्या मुलीला न विचारता कमरेला धरून वर घेतलं, ती घाबरून पाय झाडायला लागली आणि तिच्या बुटाची टाच शेजारी नाचणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या भुवईवर बसली. बँड वाजतोय, मी रुमाल दाबून धरलाय, कोणीतरी बर्फ आणायला पळालंय, आणि तो मुलगा म्हणतोय की व्हिडिओत सोपं वाटलं होतं. तीन टाके पडले. उतावळा नवरा, दुसरं काय!

अरे, ज्याने हा प्रकार लिंडीत आणला त्या फ्रँकी मॅनिंगने तरी असं केलं होतं का? १९३५च्या सुमाराची गोष्ट. शॉर्टी स्नोडेन नावाचा नाचणारा बुटका आणि त्याची पार्टनर बिग बी उंच, ती त्याला पाठीवर घेऊन फ्लोअरवरून निघून जायची. ते बघून फ्रँकीला सुचलं की पार्टनरला पाठीवरून पार पलटी मारून पुढे उतरवायचं. मग त्याने आणि फ्रीडा वॉशिंग्टनने घरी गादी टाकून परत परत पडून सराव केला, आणि त्यानंतर ते हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूम या डान्स हॉलच्या स्पर्धेत केलं. स्पर्धेत! आजूबाजूला जागा होती आणि फ्रीडाला नेमकं काय होणार ते माहीत होतं. त्यामुळे माझा नियम साधा आहे, सोशलमध्ये दोघांचे पाय जमिनीवर. कोणी उचलायला आलं तर मी सरळ हात सोडते आणि थांबते, गाणं अर्धं राहिलं तरी चालेल.

दुसरी चूक लीड (नाच पुढे नेणारा) आणि फॉलो (त्याच्या इशाऱ्यावर नाचणारी) दोघांचीही: ओढाओढी. स्विंगआउट म्हणजे पार्टनर जवळ येते, वळते, परत लांब जाते, आठ काउंटचा, म्हणजे आठ ठोक्यांचा, खेळ. आता नवशिक्या लीडला वाटतं की तिला आणायचं म्हणजे दंडाने खेचायचं, आणि तासाभरात माझा खांदा दुखायला लागतो. मराठी लोकांना मी एकच सांगते, फुगडी आठवा. फुगडीत आपण हाताने खेचतो का? दोघी पाय जुळवून मागे रेलतात, हात ताणले जातात आणि त्या ताणावर गरगर फिरतात, एकीने मध्येच कोपर वाकवून हिसका दिला की दुसरी आपटलीच. इथेही तसंच, फक्त ताण फुगडीपेक्षा खूप हलका. वजन आपापल्या पायावर, गुडघे किंचित वाकलेले, आणि तिला आणायचं तर आधी तुम्ही स्वतः मागे सरका. मी आजही घरी दाराच्या हँडलला टॉवेल बांधून दहा मिनिटं हेच करते.

रबरी सोलचे बूट घालू नका. पाय चिकटतो, शरीर वळतं आणि मार गुडघ्याला बसतो. मी मोच्याकडून जुन्या बुटांना चामडी तळ लावून घेतलाय.

घाम येणारच, जास्तीचे दोन शर्ट आणा.

फ्लोअरवर कुणाला न विचारता शिकवू नका. हे सगळ्यात जास्त कोण करतं, तर सहा महिने झालेले लोक.

आणि काउंट मोजण्यात गाणं ऐकायचं विसरू नका. सॅव्हॉयमध्ये बँडसाठी दोन स्टेज होती, एक बँड थांबला की दुसरा सुरू, १९३७मध्ये तिथेच बँडच्या सामन्यात चिक वेबच्या बँडने बेनी गुडमनच्या बँडला हरवलं, आणि लोक इतके नाचायचे की तिथला लाकडी फ्लोअर दर तीनेक वर्षांनी बदलावा लागायचा. जवळच्या कॉटन क्लबमध्ये कलाकार कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे असा प्रकार होता, सॅव्हॉयमध्ये मात्र दोघं एकाच फ्लोअरवर. तिथे तुम्हाला कोणी विचारायचं नाही की किती स्टेप येतात, नाचता येतं का एवढंच बघायचे.

शिवाय आपल्या कानाला हे संगीत परकं नाहीच. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते, पुढे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी तो ठेका सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आणला. म्हणून नवीन कोणी आलं की मी पहिलं अख्खं गाणं एकही स्टेप न करता नुसता त्या ठेक्यावर बाउन्स, म्हणजे गुडघ्यातून हलकं वरखाली, करायला लावते. दोघं समोरासमोर, हात हातात, बाकी काही नाही. पहिलं मिनिट लोक ओशाळतात. मग ट्रम्पेट जोरात येतं आणि दोघं एकदमच हसतात.