पार्ट बदलला एक, बिघाड निघाला दुसरीकडे: ट्रकला स्वस्त पार्ट बसवताना काय तपासावे

थर्मोस्टॅट हा मुठीत मावणारा पार्ट. त्याच्या आत मेण भरलेली छोटी डबी असते. इंजिनातले पाणी ठरलेल्या तापमानाला आले की मेण फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. आमच्या एका ट्रकचा थर्मोस्टॅट बदलताना जो स्वस्तात मिळाला तो बसवला. गाडी तापली नाही, कुठे गळती नव्हती, म्हणून ती कामाला लागली.

काही आठवड्यांनी अ‍ॅव्हरेज उतरले. मग डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा सारखा लागू लागला. आम्ही इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर उतरवून तपासले, टर्बोचे पाइप पाहिले, सेन्सर बदलायचेही ठरवले होते. तेवढ्यात चालकाने सहज सांगितले की तापमानाचा काटा हल्ली मधोमध येतच नाही. थर्मोस्टॅटची झडप पूर्ण बंद होत नव्हती. इंजिन दिवसभर थंड धावत होते. थंड इंजिन डिझेल जास्त खाते आणि काजळी जास्त करते. ती काजळी जाळायला जी उष्णता लागते, तीच फिल्टरला मिळत नव्हती.

स्वस्त पार्ट म्हणजे लवकर तुटणारा पार्ट, असे आपण धरून चालतो. पण तुटलेला पार्ट सापडतो तरी. न तुटता चुकीचे काम करत राहणारा पार्ट फार महागात पडतो, कारण तो स्वतः शाबूत राहून शेजारचा पार्ट खातो आणि तक्रार भलत्याच ठिकाणी उमटते. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच प्रश्नाभोवती आहे: हा पार्ट बिघडला तर त्याच्या शेजाऱ्याचे काय होईल?

एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनीच्या खोक्यात न येणारा प्रत्येक पार्ट वाईट नसतो. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे कितीतरी कारखाने तेच पार्ट स्वतःच्या नावानेही विकतात, आणि ते बिनधास्त घ्यावेत. घोर आहे तो बनवणारा कोण याचा पत्ता नसलेल्या मालाचा, आणि नामांकित खोक्याची नक्कल करून विकल्या जाणाऱ्या डुप्लिकेट मालाचा.

पायरी 1: काटकसर कुठे करायची ते आधी ठरवा

पार्टची यादी हातात घ्या आणि तिचे तीन भाग करा. पहिल्या भागात ज्यांच्या बिघाडाने गाडी थांबणारच नाही किंवा वळणार नाही असे पार्ट येतात: ब्रेक लायनर, ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारी डबी), स्लॅक अ‍ॅडजस्टर (चेंबरचा जोर ब्रेकपर्यंत नेणारा दांडा), टायरॉड एंड, किंगपिन, व्हील बेअरिंग, चाकाचे स्टड, यू-बोल्ट. इथे किमतीचा विचार शेवटी. दुसऱ्या भागात स्वतः किरकोळ पण शेजाऱ्याला मारणारे पार्ट: फिल्टर, थर्मोस्टॅट, ऑइल सील, कूलंटचे होज, एअर ड्रायरचे (ब्रेकची हवा कोरडी करणाऱ्या भागाचे) कार्ट्रिज, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच, कारण या पार्टची किंमत कमी म्हणून त्यांचे महत्त्वही कमी वाटते. आरशाची काच, मडगार्ड, दाराचे हँडल, सीटचे कव्हर हा तिसरा भाग. तिथे हवे तेवढे पैसे वाचवा.

पायरी 2: पार्ट नंबराने मागा, चेहऱ्याने नाही

'अगदी असाच द्या' म्हणून जुना पार्ट दाखवणे ही अर्ध्या त्रासाची सुरुवात आहे. एकाच मॉडेलच्या ट्रकमध्येही ट्रक बनल्याच्या वर्षानुसार पार्ट बदलतात. चासिस नंबरावरून पार्ट नंबर काढा आणि तो जुन्या पार्टवरच्या नंबराशी ताडून पाहा. जुना पार्टसुद्धा आधी कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो, म्हणून दोन्हींकडून खात्री हवी.

ऑइल फिल्टर घ्या. आटे सारखे, उंची सारखी, रबरी रिंग सारखी, म्हणून तो व्यवस्थित आवळला जातो. पण आतली बायपास झडप, म्हणजे फिल्टर तुंबला तर तेलाला न गाळता वाट देणारी झडप, किती दाबाला उघडते ते बाहेरून दिसत नाही. तिची स्प्रिंग मऊ असेल तर तेल न गाळताच इंजिनात फिरत राहते. आडवा किंवा उलटा बसणारा फिल्टर असेल तर त्यात तेल मागे न जाऊ देणारा रबरी पडदा असतो. तो हलक्या रबराचा असला तर उष्णतेने कडक होतो, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी इंजिन सुरू करताच काही क्षण कोरडी खडखड ऐकू येते. मालक तो आवाज टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांचा समजून ते सेट करत बसतो. बेअरिंग मात्र रोज थोडे थोडे झिजत असते.

डिझेल फिल्टरचे तर याहून नाजूक. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब 2000 बारच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. बारीक धूळ किंवा पाणी सोडणारा फिल्टर त्या दिवशी काहीच दाखवणार नाही. दाखवतील ते पंप आणि इंजेक्टर, तेही काही महिन्यांनी.

पायरी 3: जुना आणि नवा शेजारी ठेवा

जुना पार्ट भंगारात टाकू देऊ नका. फिटर काम सुरू करण्याआधी दोन्ही पार्ट स्वच्छ फडक्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि दहा मिनिटे द्या. माझ्या मते या दहा मिनिटांएवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही कामात नाही.

हातात घेऊन वजन जोखा. व्हर्निअरने जाडी, व्यास आणि भोकांमधले अंतर मोजा. आटे हाताने फिरवून पाहा. पाना लावल्याशिवाय नट पुढे जातच नसेल तर आटे जुळत नाहीत.

एअर फिल्टरच्या आत दिवा धरा आणि बाहेरून पाहा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर कागदाला भोक आहे. घड्या एकसारख्या हव्यात, टोकाचे सील बोटाने दाबल्यावर पुन्हा वर आले पाहिजे. फट राहिलेला एअर फिल्टर धूळ आत सोडतो, ती पिस्टनच्या रिंगा घासते, आणि गाडी ऑइल खायला लागली की दोष ऑइलला दिला जातो.

रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये बोट घालून पाहा. त्या होजमधून पंप पाणी ओढतो, म्हणून अनेक गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते किंवा होज तेवढा जाड घडवलेला असतो. मूळ होजमध्ये स्प्रिंग होती आणि नव्यात नसेल तर तो परत करा. असा होज इंजिन जोरात फिरू लागले की आतल्या ओढीने चपटा होतो. गाडी चढावर तापते, थांबवून बॉनेट किंवा केबिन उघडेपर्यंत होज पुन्हा गोल झालेला असतो. मग रेडिएटर साफ होतो, वॉटर पंप बदलतो, फॅन बदलतो, आणि गाडी तापतच राहते.

बोल्टच्या डोक्यावर आकडे वाचा. 8.8 म्हणजे सुमारे 800 मेगापास्कल (ताण मोजायचे एकक) ताण सोसणारा, 10.9 म्हणजे सुमारे 1000. दुसरा आकडा सांगतो की त्यातल्या किती हिश्शापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही: 8.8 साठी 80 टक्के, 10.9 साठी 90 टक्के. 10.9 च्या जागी 8.8 लावून तोच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर दिला तर बोल्ट आवळतानाच ताणला जाऊ शकतो. तो घट्ट वाटतो, पण पकड गेलेली असते. डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट यू-बोल्टच्या, चाकाच्या किंवा स्टिअरिंगच्या जागी कधीही लावू नका.

बेअरिंगमध्ये कप (बाहेरची रिंग) एका कंपनीचा आणि कोन (रोलरसह आतली रिंग) दुसरीचा अशी जोडणी टाळा. पूर्ण जोड एकाच कंपनीची घ्या. नंबर बेअरिंगवर स्पष्ट उमटलेला हवा, आणि खोक्यावरच्या नंबराशी जुळणारा. माप किंचित कमी असलेला कप हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, फिरू लागतो. तेव्हा नुकसान बेअरिंगचे नसते, पूर्ण हबचे असते. हब किंवा एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग बदलत असाल तर दात मोजा. दात कमी-जास्त असले तर त्या चाकाचा वेग चुकीचा वाचला जातो आणि कोरड्या रस्त्यावर, हळू चालतानाही एबीएस ब्रेक सोडू-धरू लागतो.

पायरी 4: ब्रेकचे काम एका चाकापुरते करू नका

एका चाकाचे लायनर झिजले म्हणून फक्त तेवढेच बदलणे हा सर्वांत धोक्याचा शॉर्टकट. लायनरची घर्षणाची ताकद बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलते, आणि गरम झाल्यावर तर आणखीच. थंड असताना दोन्ही चाके सारखी धरतील. लांब उतारावर स्वस्त लायनर तापून ढिले पडेल आणि गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो तिकडे ओढली जाईल. चालकाला वाटेल अलाइनमेंट गेले.

एका अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना एकाच प्रतीचे लायनर, एकाच मापाचे चेंबर आणि एकाच लांबीचे स्लॅक अ‍ॅडजस्टर लावा. स्लॅक अ‍ॅडजस्टरचे एक भोक इकडे-तिकडे झाले तरी ब्रेकचे बळ बदलते. ट्रेलर ओढणारी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ओढणाऱ्या गाडीचे लायनर कमजोर असतील तर थांबवण्याचा भार ट्रेलरच्या ब्रेकवर जातो. धूर ट्रेलरच्या चाकातून निघतो आणि दुरुस्ती ट्रेलरची होते.

हबचे ऑइल सीलही ब्रेकचाच भाग समजा. हलके सील गळले की तेल थेट लायनरवर जाते. तेल प्यालेले लायनर घासून किंवा धुऊन परत लावू नका.

आणि एअर ड्रायरचे कार्ट्रिज. त्याच्या आत हवेतला ओलावा शोषणारे मणी असतात. निकृष्ट कार्ट्रिजमधले मणी एकमेकांवर घासून त्यांची पूड होते आणि ती हवेबरोबर टाकीत, तिथून झडपांमध्ये जाते. ब्रेक उशिरा सुटणे, झडपेतून सतत हवा फुसफुसणे अशा तक्रारी सुरू झाल्या तर टाकीचा ड्रेन उघडून पाहा. पांढरट पूड किंवा चिकट लगदा दिसला तर एकेक झडप बदलत बसण्याआधी ड्रायर तपासा.

पायरी 5: बसत नसेल तर बसवू नका

कानस मारावी लागली, भोक मोठे करावे लागले, वॉशर घालून उंची भरून काढावी लागली, तर काम थांबवा. तो पार्ट चुकीचा आहे. फिटर कितीही हुशार असला तरी इथे त्याच्या हुशारीची परीक्षा घेऊ नका. टॉर्क रेंच वापरा आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा.

पायरी 6: पहिल्या 100 किलोमीटरमध्ये लक्ष ठेवा

चाक काढले असेल तर 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. बेअरिंग किंवा ब्रेकचे काम झाले असेल तर थोड्या अंतरावर थांबून हबचे तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हाताचा पंजा हबच्या जवळ न्या पण टेकवू नका. एकाच अ‍ॅक्सलचे एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर पुढे जाऊ नका.

अल्टरनेटर बदलला असेल तर इंजिन सुरू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. 24 व्होल्टच्या गाडीत चार्जिंग साधारण 27.5 ते 28.5 व्होल्टच्या दरम्यान दिसते. ते 30 कडे सरकत असेल तर बल्ब, बॅटरी आणि कंट्रोल युनिट तिन्ही धोक्यात आहेत. मीटर एसी व्होल्टवर ठेवूनही पाहा. अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे एसी वीज डीसी करणारा भाग, खराब असेल तर तिथे एक व्होल्टच्या आसपास किंवा जास्त आकडा दिसतो. अशा गाडीत गिअरबॉक्सचा, एबीएसचा, इंजिनचा असे वेगवेगळे दिवे विनाकारण लागतात, किंवा उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरते.

पायरी 7: वहीत लिहा आणि तक्रार आली की वही आधी उघडा

तारीख, किलोमीटर, पार्टचे नाव, बनवणारी कंपनी, पार्ट नंबर आणि कुठल्या बाजूला बसवला, एवढे लिहा. खोक्याचा आणि पार्टवरच्या नंबराचा मोबाइलवर फोटो काढा. वॉरंटीत बहुधा पार्टच बदलून मिळतो, त्याने केलेले बाकीचे नुकसान भरून मिळत नाही. तरीही बिल आणि खोके जपा, नाहीतर पार्टसुद्धा मिळणार नाही.

नवी तक्रार आली की स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधले दोष वाचणारे यंत्र) लावण्याआधी विचारा: गेल्या सहा महिन्यांत काय काय बदलले? मग त्यातला प्रत्येक पार्ट घेऊन त्याचा माग काढा. त्यातून हवा, तेल, पाणी, वीज किंवा जोर पुढे कुठे जातो? तक्रार त्या वाटेवर असेल तर संशय तिथे धरा. स्कॅनर कोणत्या सेन्सरला चुकीचे दिसते आहे ते सांगतो. सेन्सर खरे बोलत असून मागचाच पार्ट खोटा आहे, हे तो सांगत नाही.

खात्री करायची सर्वांत साधी रीत म्हणजे जुना पार्ट परत लावून पाहणे. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाचे पार्ट सोडून हे करता येते. त्यासाठी काढलेला पार्ट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा, निदान पुढच्या सर्व्हिसपर्यंत. आमच्या त्या ट्रकचा जुना थर्मोस्टॅट ठेवलेला असता तर दोघांनाही गरम पाण्याच्या भांड्यात सोडून, थर्मामीटर धरून, कुठला कधी उघडतो आणि कुठला मिटतच नाही ते अर्ध्या तासात दिसले असते.