बालगृहासाठी कोंबड्या पाळायच्या असतील तर

सुरुवातीलाच विक्रीचं गणित मांडू नका. आधी मुलांच्या ताटात काय कमी पडतंय ते बघा. ४० मुलांना एक दिवसाआड एक अंडं द्यायचं तर रोज २० अंडी लागतात. सगळ्या कोंबड्या रोज अंडं देत नाहीत, म्हणून ३० कोंबड्या धरा. शेळ्याही पाळायच्या असतील तर त्या नंतर.

मग खाद्याचा हिशोब करा. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि बरेच उपक्रम इथेच बंद पडतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ३० कोंबड्यांना महिन्याला १०० किलोच्या वर लागतं. भाजीचा पाला, उरलंसुरलं अन्न जरूर घाला, पण तेवढ्यावरच भागवलं तर अंडी घटतात. पिल्लं आणली तर पहिले पाच महिने नुसता खर्च. तेवढा पैसा बाजूला नसेल तर अंड्यावर येऊ घातलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या घ्या, थोड्या घ्या.

खुराड्यात दर कोंबडीला दोन चौरस फूट जागा, खेळती हवा, पक्की जाळी. खाली तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. तो मूठभर घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल वाढली आहे, लगेच बदला. लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा.

काम पगारी, मोठ्या माणसावर सोपवा. मुलांनी अंडी गोळा करावीत, नोंदवही लिहावी. पण शाळा आणि खेळ सांभाळून, आणि हौस असेल तरच. शिक्षा म्हणून खुराडं झाडायला लावणं मला अजिबात मान्य नाही. खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. कोंबड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लं देऊ नका.

दीड-दोन वर्षांनी अंडी कमी होतात आणि कोंबड्या विकायची वेळ येते. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. ही मुलं आधीच आपल्या माणसांना मुकलेली असतात. सकाळी अचानक रिकामं खुराडं दिसलं तर ते फार लागतं. दोन-चार कोंबड्या कायमच्या ठेवायच्या, हेही तेव्हाच ठरवा.

वर्षभराच्या वहीत खर्च भरून निघताना दिसला, की शेळ्या आणा. एकटी शेळी रमत नाही, निदान दोन हव्यात. गाभण काळ पाच महिन्यांचा, तेव्हा चाऱ्याची सोय आधी करा. दूध उकळूनच द्या.